शिडाच्या बोटीवरच्या सेफ्टी सामानाची तपासणी

शिडाच्या बोटीवर लाइफ जॅकेट, हार्नेस (बोटीला बांधून घ्यायचा पट्टा), लाइफराफ्ट (फुगणारा जीवरक्षक तराफा), फ्लेअर (संकटात पेटवायची इशाऱ्याची दारू), रेडिओ, बिल्ज पंप (बोटीच्या तळात साठलेलं पाणी उपसणारा), आग विझवायचे सिलिंडर असं जे जीव वाचवायचं सामान असतं ते वेळेला खरंच चालेल का हे आधी बघून ठेवायचं काम. बेळगावला समुद्र नाही, पण संबंध अगदीच नाही असंही नाही, भारतीय नौदलाची जगप्रदक्षिणा करून आलेली शिडाची बोट 'म्हादेई' गोव्यात बांधली आणि ती म्हादेई नदी उगम पावते आपल्या खानापूर तालुक्यात.

यातली खरी अडचण अशी की निम्मं सामान एकदाच वापरता येतं, म्हणजे पूर्ण टेस्ट केली की ते संपलंच. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीवाल्यांना हे नवीन नाही, तिथं लॉटमधला एक टेस्ट बार, म्हणजे नमुन्याची सळई, ओढून तोडतात आणि त्यावरून बाकीचा माल पास करतात. बोटीवर लॉट नसतो, एकच नग असतो, म्हणून न तोडता जेवढं कळेल तेवढं काढून घ्यायचं.

फुगणारं लाइफ जॅकेट हे याचं चांगलं उदाहरण. आत गॅसची छोटी नळकांडी असते, 150 न्यूटनच्या (म्हणजे तेवढ्या जोरानं माणसाला तरंगत ठेवणाऱ्या) जॅकेटला साधारण 33 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड लागतो. ती फोडून बघायची गरज नाही, फिरकी सोडून बाहेर काढायची, तोंडाला भोक पडलंय का, गंज आलाय का बघायचं आणि वजन करायचं, भरलेल्या नळकांडीचं किमान वजन तिच्यावरच छापलेलं असतं. शहापूरच्या सराफाकडचा काटा मिळाला तर उत्तमच, नाहीतर स्वयंपाकघरातला डिजिटल काटाही चालतो. परत बसवताना हातानं घट्ट पिळायची, कारण बोटीच्या हादऱ्यानं ती हळूहळू सैल होते आणि सैल नळकांडीला भोक पाडणारी सुई पोचतच नाही. मग जॅकेट तोंडानं फुगवून रात्रभर ठेवायचं, सकाळी मऊ पडलं तर कुठंतरी गळतंय. पाण्यात पडल्यावर आपोआप फुगणाऱ्या बऱ्याच जॅकेटात विरघळणारी गोळी असते, ती दमटपणानंही विरघळते, त्यामुळं जुलैत खानापूरकडच्या घरात कपाटात टांगलेलं जॅकेट आपोआप फुगलं तर भुताटकी समजू नये. गोळीवरची तारीख बघून ती बदलायची, महाग नसते. पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रकारात ही भानगड नाही.

फ्लेअरचं मात्र तारखेवरच भागवावं लागतं, छापलेली मुदत आणि आवरणाला ओल लागलीय का एवढंच बघता येतं. जुना फ्लेअर गंमत म्हणून उडवायचा नाही, लांबून कुणी बघितला तर खरंच शोध सुरू होतो. लाइफराफ्ट आपण घरी उघडायचाच नाही, तो सर्व्हिस स्टेशनला द्यायचा. बोट बुडाली तर राफ्ट सोडणारं हायड्रोस्टॅटिक रिलीज चार मीटरच्या आत सुटायला पाहिजे, त्याचीही तारीख असते, ती लोक हमखास विसरतात. बिल्ज पंपाला दोन बादल्या पाणी ओतून बघणं सगळ्यात सोपं, स्विच दाबून नुस्ता आवाज ऐकणं म्हणजे तपासणी नव्हे, कारण अडकतो तो फ्लोट, म्हणजे पाणी चढलं की पंप चालू करणारा तरंगता स्विच.

इपर्ब, म्हणजे उपग्रहाला 406 मेगाहर्ट्झवर हाक मारणारं यंत्र, त्याचं फक्त सेल्फ-टेस्टचं बटण दाबायचं, तेही सारखं नाही, बॅटरी खाते. भारतात हे सिग्नल बेंगळुरूच्या इस्रो केंद्रात उतरतात आणि तिथून कोस्ट गार्डला कळवलं जातं, म्हणून रजिस्ट्रेशनमधला फोन नंबर बदलला असेल तर यंत्र चालूनही शोध सुरू व्हायला उशीर होतो. हाही तपासणीचाच भाग आहे, पण कागदाचं काम म्हणून मागं पडतो.

आणि सामान हाताला येतं का हे बघणं सगळ्यात जास्त राहून जातं. सप्टेंबर 2018 मध्ये गोल्डन ग्लोब या एकट्यानं जगप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत भारतीय नौदलाच्या कमांडर अभिलाष टॉमींची बोट दक्षिण हिंदी महासागरात उलटली, डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार बसला. दुसरा सॅटेलाइट फोन आणि हातातला रेडिओ इमर्जन्सी बॅगेत होता, पण तिथपर्यंत त्यांना हलताच येईना. शेवटी फ्रेंच जहाज 'ओसिरिस'नं त्यांना वाचवलं. म्हणून काही जण बंकवर, म्हणजे बोटीतल्या झोपायच्या फळीवर, आडवं पडून, एक हात न वापरता कुठली वस्तू काढता येते हे बघतात, आणि जी निघत नाही तिची जागा बदलतात.