दात आत घ्यायचे, पण किती?

"डॉक्टर, दात पुढे आहेत, एकदम आत घ्या." तारा बसवायला येणाऱ्या बहुतेकांची मागणी हीच असते. पण समोरच्या माणसाला आपले दात क्वचित दिसतात. त्याला दिसतात ओठ, आणि तेही नाक व हनुवटीच्या संगतीत. म्हणून दात किती हलवायचे ते आधी चेहऱ्यावर ठरवावं लागतं आणि मग दातांच्या साच्यावर.

कोल्हापुरात, या कलापुरात, व्यक्तिचित्रं काढायला शिकलेल्यांना हे मोजमाप ठाऊक असतं. केसांच्या रेषेपासून भुवयांच्या मध्यापर्यंत एक भाग, तिथून नाकाच्या बुडापर्यंत दुसरा, तिथून हनुवटीच्या खालच्या कडेपर्यंत तिसरा. तिन्ही साधारण सारखे. तिसऱ्या भागात नाक ते ओठांची फट एक हिस्सा आणि खालचे दोन. हा तिसरा भाग लांबला की ओठ सहज मिटत नाहीत. ओढून मिटवले तर हनुवटीच्या कातडीवर खड्डे पडतात.

तपासणी ओठ सैल असतानाच करायची. ताठ बसून समोर लांब बघायचं, "मामा" म्हणायचं आणि ओठ सोडून द्यायचे. वरचे पटाशीचे दात 2 ते 4 मिमी दिसले तर ठीक. वयानुसार ते कमी दिसू लागतात, त्यामुळे विशीत थोडे जास्त दिसणं हा दोष नाही.

बाजूने पाहताना नाकाचं टोक आणि हनुवटी यांना जोडणारी रेघ धरतात. रिकेट्स या अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्टच्या (वाकडे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाच्या) मापानुसार प्रौढांत वरचा ओठ तिच्यामागे सुमारे 4 मिमी आणि खालचा 2 मिमी असावा. हे माप गोऱ्या अमेरिकनांच्या चेहऱ्यांवरून आलेलं आहे. आपल्याकडे ओठ मुळात भरलेले असतात, रेघेला टेकले तरी चेहरा छान दिसतो. तेच आकडे गाठायच्या नादात ओठ सपाट होतात, नाक मोठं वाटू लागतं, आणि पुढे वयानं ओठ पातळ झाले की चेहरा अकाली थकलेला दिसतो.

दात किती मागे जातील याचा हिशेब असा. जागा करायला उपदाढ (सुळ्याच्या मागचा दात) काढली की प्रत्येक बाजूला सुमारे 7 मिमी जागा मिळते. त्यातली 2 मिमी वाकडे दात सरळ करण्यात गेली, तर 5 उरतात. मागच्या दाढा पुढे सरकून त्यातला साधारण एक तृतीयांश खातात. म्हणजे पुढचे दात तीन-साडेतीन मिमी मागे जातात, आणि वरचा ओठ त्याच्या अंदाजे दोन तृतीयांश. हाडात टायटॅनियमचे मिनी स्क्रू बसवले तर दाढा जागेवर राहतात आणि जवळजवळ सगळे 5 मिमी मिळतात. जाड ओठ कमी हलतात, पातळ आणि ताणलेले जास्त.

सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच आहे: खालचा जबडा लहान असतो आणि दोष वरच्या दातांना दिला जातो. अशा वेळी वरच्या उपदाढा काढून दात मागे ओढले की हनुवटी होती तिथेच राहते, शिवाय ओठही आत जातो. वाढीच्या वयात, मुलींत साधारण 10 ते 12 आणि मुलांत 12 ते 14, खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं ट्विन ब्लॉकसारखं उपकरण उपयोगी पडतं. वाढ संपल्यावर जबडा खरोखर पुढे आणायचा तर शस्त्रक्रियाच.

लोकांना नक्की काय खुपतं? 1999 साली कोकिच या अमेरिकन दंततज्ज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी मुद्दाम बदललेले हास्याचे फोटो दाखवून हे तपासलं. दातांची मधली रेघ 4 मिमी सरकलेली सामान्य लोकांना कळली नाही; पटाशीचे दात 2 मिमी कललेले मात्र कळले. म्हणून मधल्या रेघेच्या एखाद्या मिलिमीटरसाठी उपचार लांबवण्यापेक्षा दातांचा कल सरळ करणं जास्त मोलाचं.

लग्न ठरल्यावर सहा महिने हातात ठेवून आलेल्यांनी उपदाढा काढायचा बेत धरू नये. त्या उपचाराला दीड ते दोन वर्षं लागतात, आणि हळदीच्या दिवशी उपदाढांच्या जागी फटी दिसतील. सहा महिन्यांत पुढचे दात ओळीत आणता येतात. ओठांचा निर्णय लग्नानंतर घेतला तरी चालतो.