इंजिन बंद पडल्यानंतरचा दीड सेकंद

इंजिन बंद पडलं की हेलिकॉप्टर दगडासारखं खाली येतं, असा समज आहे. तसं होत नाही. जत्रेतलं भिरभिरं वाऱ्यावर फिरतं, तसा खालून वर येणाऱ्या हवेवर रोटर, म्हणजे डोक्यावरचा मोठा पंखा, फिरत राहतो. याला ऑटोरोटेशन म्हणतात. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वाचा ऑटोजायरो, म्हणजे वरचा रोटर इंजिनाऐवजी हवेनेच फिरणारं विमान, १९२३ मध्ये उडाला तो याच तत्त्वावर. पायडल थांबवलं तरी सायकलचं चाक फिरतं ना, तसा फ्रीव्हील क्लच रोटरला बंद इंजिनापासून मोकळा करतो.

अट एकच: पायलटने डाव्या हाताचा कलेक्टिव्ह दांडा ताबडतोब खाली करायचा, म्हणजे पात्यांचा कोन कमी होतो. उशीर झाला तर फेरे घटतात आणि एका मर्यादेखाली गेले की परत येत नाहीत. छोट्या हेलिकॉप्टरचा हलका रोटर जेमतेम एक-दीड सेकंद देतो. ‘हे काय झालं?’ म्हणण्यातच तो संपतो.

अमेरिकेतलं रोटरवे एक्झेक हे छोटं हेलिकॉप्टर सुट्या भागांच्या किटमधून गॅरेजमध्ये बांधता येत असे. असं निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः केलं, तर तिथल्या नियमांनुसार ते हेलिकॉप्टर ‘प्रायोगिक’ वर्गात मोडतं. इंजिन प्रमाणित असण्याची सक्ती नसते. महामार्गावर गाडीचं इंजिन आपल्या ताकदीचा थोडाच भाग वापरतं. हेलिकॉप्टरचं मात्र जणू सतत खंबाटकी घाट चढत असतं. त्यात ते बंद पडायला पिस्टनच फुटावा लागत नाही. पेट्रोलमधलं पाणी, सैल झालेली इग्निशनची वायर, कार्ब्युरेटरमध्ये जमलेला बर्फ, एवढंही पुरतं.

(सगळेच अपघात इंजिनाचे नसतात. २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात घरी बांधलेल्या हेलिकॉप्टरच्या चाचणीत एका तरुण कारागिराचा जीव गेला, तो पातं तुटून. तिथे ऑटोरोटेशन काय करणार?)

मला खरा सापळा वाटतो तो उंचीचा. नवशिका बांधणारा घाबरून खालीच, तीस-चाळीस फुटांवर, घिरट्या न घालता एका जागी तरंगत राहतो. दहा फुटांखाली इंजिन गेलं तर रोटरमध्ये उरलेल्या वेगावर धक्का सोसता येतो. पुरेशा उंचीवर कलेक्टिव्ह खाली करून पुढचा वेग पकडायला अवकाश मिळतो. मधल्या पट्ट्यात दोन्ही नाही. उंची आणि वेगाच्या आलेखावर हा पट्टा दाखवणाऱ्या रेषेला पायलट ‘डेड मॅन्स कर्व्ह’ म्हणतात. वेग हाताशी असेल, तर जमिनीजवळ नाक वर करून तो रोटरच्या फेऱ्यांत बदलता येतो आणि मग कलेक्टिव्ह वर ओढून अलगद टेकता येतं. मात्र ही ओढ एकदाच मिळते. दुसऱ्यांदा ओढायला रोटरमध्ये काही उरलेलं नसतं.