'जलद' म्हणजे नेमकं काय? स्थिर बिंदूच्या पुनरावृत्ती-पद्धतींची पार्श्वभूमी

आलेलं उत्तर पुन्हा त्याच सूत्रात घालायचं आणि फरक उरेनासा होईपर्यंत हेच करत राहायचं, ही युक्ती आपल्याकडे जुनी आहे. सूत्रात घातल्यावर जो आकडा तसाच परत येतो, तो स्थिर बिंदू. ज्योतिषाच्या जुन्या सिद्धान्तग्रंथांत ही युक्ती 'असकृत् कर्म', म्हणजे पुन्हा पुन्हा करायची कृती, म्हणून येते. आम्हा इंदूरकरांच्या शेजारच्या उज्जैनची मध्यरेषा धरून गणित करणाऱ्या ज्योतिषांच्या ती हातातली होती. ती कधी आणि का थांबते याची सिद्धता फार पुढची. १८९० मध्ये हीच साधी पुनरावृत्ती, म्हणजे पिकार्डची पद्धत, विकलक समीकरणांसाठी रुळली आणि १९२२ मध्ये आकुंचनाचं, म्हणजे दर खेपेला कोणत्याही दोन बिंदूंमधलं अंतर ठरावीक प्रमाणात घटवणाऱ्या सूत्राचं, प्रमेय छापून आलं. ते एम.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी होतं, म्हणून इथे सोडतो.

आकुंचन नसेल तर मात्र पंचाईत होते. पोळपाट प्रत्येक वेळी काटकोनात फिरवा, कडेवरचा ठिपका चौथ्या खेपेला मूळ जागी येतो, केंद्राकडे, म्हणजे स्थिर बिंदूकडे, कधीच सरकत नाही. जुनी जागा आणि नवी जागा यांचा मध्य घेत गेलं, तर सरकतो. सरासरीची ही कल्पना १९५३ ची, मान पद्धत म्हणतात तिला; तीत जुन्या-नव्याचे वाटे कमी-जास्तही चालतात. नेमका अर्धा-अर्धा वाटा १९५५ चा. १९७४ मध्ये एका खेपेत सूत्र दोनदा लावणारी, दोन पायऱ्यांची इशिकावा पद्धत आली. दुसरी पायरी खरंच लागते का, ही शंका बरीच वर्षं राहिली. एका छद्म-आकुंचक (आकुंचनापेक्षा सैल अट पाळणाऱ्या) फलनावर मान पद्धत पोहोचतच नाही, हे २००१ मध्ये उदाहरणानिशी दाखवलं गेलं, तेव्हा ती मिटली.

पुढचा इतिहास मुख्यतः 'आमची पद्धत जलद' असं सांगण्याचा आहे, आणि त्याचं मूळ २००४ च्या एका व्याख्येत आहे. दोन क्रमिका, म्हणजे दोन पद्धतींनी एकामागून एक दिलेले आकडे, एकाच बिंदूकडे जातात. प्रत्येकीच्या चुकीला एकेक वरची मर्यादा लावायची. पहिलीची मर्यादा भागिले दुसरीची मर्यादा शून्याकडे गेली, की पहिली 'जलद'. म्हणजे तुलना होते ती मर्यादांची. प्रत्यक्षातल्या चुका किती, हे कुणी विचारत नाही. कुणी ढिली मर्यादा लावली तर हरणारी क्रमिका जिंकते! याच व्याख्येवर पिकार्ड ही मानपेक्षा जलद असल्याचं प्रमेय उभं राहिलं.

आता कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवा आणि १ पासून कॉसचं बटण दाबत राहा. ०.५४०३, ०.८५७६, ०.६५४३ असे हेलकावे खात ०.७३९ स्थिरावायला पंधरा-सतरा खेपा लागतात. दरवेळी जुन्या-नव्याची सरासरी घेतलीत तर ०.७७०२, ०.७४४०, ०.७३९९ आणि चौथ्या खेपेला ०.७३९२. शून्य ते एकमध्ये कॉस आकुंचनच आहे, म्हणजे वरच्या पिकार्ड-मान प्रमेयाच्या कक्षेत बसतो, तरी सरासरीच पुढे! वर्गात हे करून दाखवलं की मुलं आधी कॅल्क्युलेटरवरच संशय घेतात.

या व्याख्येवर आक्षेप घेणारे लेख आले, पर्यायी व्याख्याही सुचवल्या गेल्या. तरी २००० च्या तीन पायऱ्यांच्या आणि २००७ च्या एस-पद्धतीनंतर नव्या पद्धतींचा ओघ थांबला नाही. पुष्कळ लेखांच्या शेवटी तक्ता असतो, त्यात एक फलन, एक सुरुवातीचा आकडा आणि लेखकानेच निवडलेले सरासरीचे गुणक (वाटे). तीन पायऱ्यांच्या पद्धतीत एका आवर्तनाला कॉसचं बटण तीनदा दाबावं लागतं. अशा तक्त्यात ते एकच आवर्तन धरतात.