इन-इअर मॉनिटर व इफेक्ट्स (मंचीय बेसवादनातील)

मंचावर बेस गिटार वाजवणारा वादक आपले व साथीदारांचे वादन कानात बसवलेल्या छोट्या श्रवणकांतून ऐकतो, तेव्हा त्या श्रवणकांना इन-इअर मॉनिटर म्हणतात. आणि बेसचा आवाज ध्वनियंत्रणेपर्यंत जाण्यापूर्वी त्याच्यावर संस्कार करणाऱ्या कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज एका पातळीला आणणारा), ओव्हरड्राइव्ह (आवाज मुद्दाम खरखरीत करणारा), ऑक्टेव्हर (एक सप्तक खालचा स्वर जोडणारा) यांसारख्या साधनांना इफेक्ट्स म्हणतात; पायाने चालू-बंद करायच्या अशा साधनाला पेडल म्हणतात. या दोन गोष्टी सहसा वेगवेगळ्या शिकवल्या जातात, पण व्यवहारात त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत, कारण पेडलचे प्रत्येक बटण वादक जे कानात ऐकू येते त्यावरून फिरवतो आणि श्रोत्यांपर्यंत पोहोचणारा आवाज त्याहून बराच निराळा असतो.

लिओ फेंडर यांचा प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आला. त्यानंतर कित्येक दशके बेसवादक पाठीमागच्या अ‍ॅम्प्लिफायरवर आणि पायाशी तिरप्या ठेवलेल्या मॉनिटर स्पीकरवर विसंबून होता. १९९५ मध्ये जेरी हार्वे यांनी अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन या ड्रमवादकासाठी इअरपीस घडवले आणि त्यातूनच अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. मंचावरचा गोंगाट कमी व्हावा, मॉनिटरची शिट्टी थांबावी आणि कान वाचावेत, हे इन-इअर वापरण्यामागचे हेतू सर्वच वादकांना लागू पडतात. बेसवादकाची अडचण मात्र स्वतंत्र आहे : त्याचे वाद्य कानाइतकेच छातीने आणि तळपायांनी ऐकले जाते.

चार तारांच्या बेसवरील सर्वांत जाड, म्हणजे ई तार ४१.२ हर्ट्झ कंप्रतेला वाजते. पाच तारांच्या बेसवरील बी तार ३०.९ हर्ट्झपर्यंत उतरते. ४१ हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी हवेत सुमारे ८.३ मीटर भरते. मोठा स्पीकर ही हवा हलवतो आणि लाकडी मंचही त्यासोबत थरथरतो. कानाच्या नळीत हाच स्वर ऐकू येण्यासाठी एवढी हवा हलवावी लागत नाही, पण नळी पूर्ण बंद असावी लागते. इअरपीसची टोपी (टोकावरचे मऊ आवरण) किंचित सैल बसली की खर्ज गळून जातो आणि उरते ती तारेवरच्या नखाची टकटक. अशा वेळी वादक ध्वनिनियंत्रकाकडे बघून बेस वाढवण्याची खूण करतो. खरे म्हणजे त्याने बोटाने इअरपीस आत दाबून पाहावा. दाबताच ई तार परत आली तर दोष मिक्समध्ये (कानात येणाऱ्या एकत्रित आवाजात) नसून टोपीत आहे. फोमची टोपी चिमटीत पिळून, कानाची पाळी वर ओढून आत सरकवावी आणि फुगेपर्यंत धरून ठेवावी लागते. कानाच्या साच्यावरून घडवलेले इअरपीस अधिक भरवशाचे असतात. गाणाऱ्या वादकाचा साचा घेताना तोंड थोडे उघडे ठेवतात, कारण जबडा हलला की नळीचा आकार बदलतो. आतील ड्रायव्हर (आवाज निर्माण करणारे घटक) डायनॅमिक प्रकारचे असावेत की बॅलन्स्ड आर्मेचर प्रकारचे, यावर वाद घालणाऱ्यांनी आधी टोपी तपासावी.

टोपी नीट बसली तरी अंगाला बसणारा धक्का परत येत नाही. तो मिळवण्यासाठी काही वादक आसनाला किंवा पायाखालच्या फळीला जोडलेले कंपनयंत्र वापरतात, तर काही जण मागे छोटा अ‍ॅम्प्लिफायर हलक्या आवाजात चालू ठेवतात. हे काहीच नसेल तर वादकाचा हात नकळत आवाजाच्या बटणाकडे जातो. अमेरिकेच्या निओश या कामगार-आरोग्य संस्थेने कामाच्या ठिकाणी सुचवलेली मर्यादा ८५ डेसिबेलला (ए, म्हणजे कानाच्या संवेदनेनुसार मोजलेले) ८ तास आहे, आणि प्रत्येक ३ डेसिबेल वाढीला हा अवधी निम्मा होतो. १०० डेसिबेलला तो अवघा १५ मिनिटांचा उरतो. म्हणूनच संग्राहकातला (वादकाच्या कमरेवरील, कानात आवाज पोहोचवणाऱ्या यंत्रातला) लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक पातळीपुढे जाऊ न देणारी सोय, बंद ठेवू नये. आवाज चालू असताना बेसची केबल उपसली तर होणारा धमाका इन-इअरमध्ये थेट कानाच्या पडद्यावर आदळतो, त्यामुळे ट्यूनर पेडलने आवाज बंद करूनच केबलला हात लावण्याची सवय लागते. एक कान मोकळा ठेवण्याची सवय मात्र वाईट : मंचाचा गोंगाट मोकळ्या कानातून शिरतो आणि त्याच्यावर मात करण्यासाठी बंद कानातला आवाज वाढत जातो. प्रेक्षकांची दाद ऐकायची असेल तर मंचाच्या कडेला मायक्रोफोन लावून तो आवाज मिक्समध्ये थोडासा मिसळणे हा योग्य उपाय होय.

इफेक्ट्सकडे वळल्यावर पहिला प्रश्न अ‍ॅम्प्लिफायरच्या गैरहजेरीचा येतो. बेसचा स्पीकर वरच्या कंप्रता आपोआप बोथट करतो. पेडलबोर्डमधून डीआय बॉक्समार्गे (वाद्याचा संकेत मिक्सरला जुळवून देणाऱ्या पेटीतून) थेट मिक्सरमध्ये गेलेल्या आवाजाला ही चाळणी मिळत नाही. स्वच्छ वादनात हे खपून जाते. ओव्हरड्राइव्ह किंवा फझ चालू केल्यावर मात्र कानात माशी घोंगावल्यासारखी किरकिर ऐकू येते, आणि वादक टोनचे बटण इतके उतरवतो की सभागृहात बेस चिखलात रुतल्यासारखा वाटतो. स्पीकरच्या प्रतिसादाची नक्कल करणारे पेडल साखळीच्या शेवटी ठेवल्यास हा घोळ टळतो. याशिवाय विकृतीच्या, म्हणजे ओव्हरड्राइव्ह-फझसारख्या, बऱ्याच पेडलांत खर्ज खचतो, म्हणून मूळ स्वच्छ आवाज सोबत मिसळण्याची सोय असलेले पेडल बेससाठी निवडावे. पेडल चालू केले की कानात बेस मोठा झाल्यासारखा वाटतो, पण ती वाढ पुष्कळदा मध्यम कंप्रतांची असते आणि तळ त्याच वेळी पोकळ झालेला असतो. बासड्रमसोबत वाजवून पाहिल्यावरच हे लक्षात येते.

ऑक्टेव्हरच्या बाबतीत उलटा प्रकार घडतो. मोकळ्या ई तारेच्या एक सप्तक खाली गेल्यास २०.६ हर्ट्झ, म्हणजे मानवी श्रवणाची जवळजवळ खालची सीमा गाठली जाते. इअरपीसमध्ये त्या स्वराचे वरचे उपस्वरच जाणवतात, त्यामुळे वादकाला काही बिघडल्याचे कळत नाही, आणि सभागृहातले सबवूफर मात्र उगाच हेलकावे खातात. ए तारेच्या सातव्या फ्रेटवरील स्वर ८२.४ हर्ट्झचा आहे; त्याखालचे सप्तक ४१.२ हर्ट्झला, नेमके मोकळ्या ई तारेच्या जागी पडते, म्हणून ऑक्टेव्हर तिथून वर वाजवणे शहाणपणाचे. १९८२ मध्ये आलेल्या बॉसच्या ओसी-२ सारखी जुन्या घडणीची पेडले एका वेळी एकच स्वर ओळखतात. शेजारची तार दाबून न धरल्यास त्यांचा आवाज डळमळतो. एन्व्हलप फिल्टर (आवाजाचा रंग आपोआप बदलणारे पेडल) वाजवण्याच्या जोराला प्रतिसाद देतो, म्हणून तो सहसा कॉम्प्रेसरच्या आधी जोडतात.

कॉम्प्रेसरविषयी इन-इअर वापरणाऱ्याने विशेष सावध राहावे. बंद कानात बोटांच्या जोरातला लहानसा फरकही ठळक ऐकू येतो आणि तो सपाट करण्याच्या भरात वादनातला जीव जातो. ४:१ च्या आसपासचे प्रमाण (ठरावीक पातळीवरची ४ डेसिबेलची वाढ १ डेसिबेलवर आणणे) आणि काही डेसिबेलचीच घट पुरेशी ठरते.

कानातले मिक्स मिक्सरच्या कोणत्या टप्प्यावरून निघते हेही विचारून घ्यावे. ते फेडरच्या (सभागृहातली पातळी ठरवणाऱ्या सरकपट्टीच्या) आधी घेतलेले असले तरी अनेकदा इक्वलायझरनंतरचे (कंप्रता कमी-जास्त करणाऱ्या भागानंतरचे) असते. मग ध्वनिनियंत्रकाने दालनातल्या गुंजनामुळे ८० हर्ट्झ उतरवले की वादकाच्या कानातही तळ नाहीसा होतो आणि तो पेडलवर खर्ज चढवू लागतो. दोघे एकमेकांविरुद्ध बटणे फिरवत असल्याचे कुणालाच कळत नाही. डिजिटल मिक्सरवर हा टप्पा सामान्यतः बदलता येतो.

पेडले सभागृहासाठी जुळवायची असतील तर साखळीच्या अगदी सुरुवातीला लूपर (वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवणारे पेडल) ठेवून चार मात्रांचे आवर्तन त्यात भरावे, इन-इअर काढावेत आणि खाली उतरून दालनाच्या मध्यावर उभे राहावे; वर कुणीतरी एकेक पेडल चालू-बंद करत राहिले की प्रत्येकाची पातळी खरी कळते. नोंद घेतलेल्या खुणा पेडलवर रंगीत टेपने चिकटवलेल्या दिसतात त्या याचसाठी.

विद्युतपुरवठ्याचे दोष इन-इअरमध्ये निर्दयपणे उघडे पडतात. एकाच ९ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर डिजिटल आणि अ‍ॅनालॉग पेडले ओवली की बारीक शीळ ऐकू येते; प्रत्येक पेडलला विलग पुरवठा दिल्यास ती जाते. घुमणारा हम असल्यास डीआय बॉक्सवरचा ग्राउंड लिफ्ट (ध्वनिसंकेताची जमिनीची जोडणी तोडणारा खटका) वापरावा, मुख्य वीजजोडणीची अर्थिंगची तार कधीही तोडू नये. बिनतारी यंत्रणेत बेसचा प्रेषक आणि इन-इअरचा संग्राहक एकाच पट्ट्यावर शेजारी अडकवल्यास संग्राहकाची पकड कमकुवत होते, म्हणून ते कमरेच्या दोन बाजूंना लावतात. ड्रमशेजारी एकाच जागी उभा राहणारा वादक तारेचा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर वापरून ही कटकटच टाळू शकतो.

डिजिटल साधने वाढली की उशीर साठत जातो. अ‍ॅम्प्लिफायर तीन मीटर मागे असताना आवाज पोहोचायला सुमारे ९ मिलिसेकंद लागतच होते, त्यामुळे त्याहून कमी उशीर बेसवादकाला सहसा खटकत नाही. तो गातही असेल तर गोष्ट वेगळी : हाडांतून तत्काळ पोहोचणारा स्वतःचा गळा आणि कानात क्षणभर मागाहून येणारा तोच गळा एकमेकांत मिसळून पोकळ, नळीतून आल्यासारखा भासतो, आणि अशा वादकाने गळ्याच्या वाटेवर तरी कमीत कमी डिजिटल टप्पे ठेवावेत.