संकटकाळातील करसवलत व सरकारी मदत (नाशिक जिल्हा)

दुष्काळ, गारपीट, अतिवृष्टी, बाजारभावाची पडझड किंवा टाळेबंदी ओढवली की सरकार दोन बाजूंनी हात पुढे करते. एकीकडे कर, शुल्क आणि कर्जवसुलीत सूट मिळते, दुसरीकडे तिजोरीतून थेट रक्कम दिली जाते. या दोन्हींचा एकत्र विचार करण्यासाठी नाशिकसारखा जिल्हा क्वचितच सापडेल. पश्चिमेच्या इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाण्यात मुसळधार पाऊस आणि भातशेती. पूर्वेला सिन्नर, येवला, नांदगाव, चांदवड, मालेगाव हा अवर्षणाचा पट्टा. मध्ये निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागा, आणि कांदा जवळपास सगळीकडेच. एका तालुक्यात टँकर सुरू असताना शेजारच्या तालुक्यात गारपिटीचे पंचनामे चालू आहेत, हे इथे नवलाचे नाही.

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही आणि शेतसारा आज नाममात्र उरला आहे. त्यामुळे संकटात 'महसुलात सूट' जाहीर झाली, तरी शेतकऱ्याच्या हाती त्यातून फारसे काही पडत नाही. कांद्याच्या निर्यातशुल्काची गोष्ट वेगळी आहे. ते लागू असते तेव्हाही शेतकऱ्याच्या कोणत्याही पावतीवर दिसत नाही, ते भरतो निर्यातदार. पण त्याचा भार लिलावातल्या बोलीतून थेट शेतकऱ्यावर येतो. नाशिकचा अनुभव समजून घ्यायचा तर हा फरक आधी लक्षात घेतला पाहिजे.

शेतसारा, तहकुबी आणि तगाई

ब्रिटिश काळात मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीत, म्हणजे थेट शेतकऱ्याकडून वसुलीच्या पद्धतीत, सारा रोखीत आणि साधारण तीस वर्षांसाठी ठरत असे. पाऊस पडो न पडो, आकडा तोच. पीक बुडाले की सरकारपुढे दोन वाटा असत: तहकुबी, म्हणजे वसुली पुढच्या हंगामावर ढकलणे, आणि सूट, म्हणजे ती कायमची सोडून देणे. सरकारचा कल तहकुबीकडे असे. त्यामुळे लागोपाठ दोन वर्षे दुष्काळ पडला की दोन वर्षांचा सारा एकदम मानेवर बसे. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर १८८३ चा जमीन सुधारणा कर्ज कायदा आणि १८८४ चा शेतकरी कर्ज कायदा आला. विहीर, बैल, बियाणे यांसाठी तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, मिळण्याची सोय त्यातून झाली. तहकुबी आणि सूट देण्याची ती तरतूद पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये कायम राहिली. दुष्काळ जाहीर झाल्यावर मिळणाऱ्या सवलतींच्या यादीत 'जमीन महसुलात सूट' आजही पहिल्या क्रमांकावर असते, ती या इतिहासामुळे.

१९७२ चा दुष्काळ आणि व्यवसाय कर

महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळातून करआकारणीचा एक वेगळा मार्ग काढला, आणि तो या साऱ्या इतिहासातला सर्वांत अभिमानाचा भाग आहे. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणे अशा कामांवर लाखो माणसे होती. वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. तिला पैसा लागणार होता, म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर आणला गेला. ज्याला शहरात नियमित पगार आहे, त्याने दुष्काळी भागातल्या मजुराच्या रोजीचा वाटा उचलायचा आणि तेवढीच भर राज्य सरकारने घालायची, असा तो हिशेब.

नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कामगाराची पगारपत्रिका हातात घेतली, तर तो कर अजून दिसतो. महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५००. फेब्रुवारीत शंभर जास्त का कापले, असे दर वर्षी कुणी ना कुणी विचारतोच. २,५०० ही राज्यघटनेच्या कलम २७६ मधली कमाल मर्यादा आहे. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २५० वरून तिथे नेली आणि त्यानंतर ती हललेली नाही. पगार आणि मजुरी कितीतरी पटींनी वाढल्या. दुष्काळासाठी जन्मलेला हा कर मात्र तिथेच गोठला, हे बरे झाले नाही. एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना त्यातून सूट आहे.

दुष्काळ ठरतो कसा

पूर्वी सारी भिस्त पैसेवारीवर होती. मंडळ अधिकारी, तलाठी, कृषी सहायक, सरपंच, सोसायटीचा अध्यक्ष आणि काही शेतकरी अशी गावची समिती पीककापणीचे प्रयोग पाहून, चांगले पीक म्हणजे एक रुपया धरून, रुपयात किती पैसे पीक आले ते ठरवते. नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशी तीन पायऱ्यांची ही मोजणी असते. अंतिम आकडा ५० पैशांच्या आत आला की गाव दुष्काळसदृश धरले जाई. खरिपाची अंतिम पैसेवारी डिसेंबरात येते. तोवर जनावरे बाजारात गेलेली असतात.

केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनंतर पावसाची तूट, उपग्रहाने टिपलेली पिकांची स्थिती, जमिनीतला ओलावा आणि भूजल हे निर्देशांक पुढे आले. निर्णय लवकर होऊ लागला, ही त्याची जमेची बाजू. पण तालुका हे एकक नाशिकमध्ये फार ढोबळ पडते. एकाच तालुक्यात घाटाकडची गावे भिजलेली आणि पूर्वेकडची कोरडी असतात. म्हणूनच २०२३ मध्ये आधी तालुके आणि मागून स्वतंत्र महसूल मंडळे जाहीर करावी लागली.

जाहीर झाल्यावर मिळते ते असे: जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, परीक्षा शुल्काची माफी, रोहयोच्या निकषांत शिथिलता, टँकर, आणि थकबाकीसाठी वीज न तोडणे. यातली वीजबिलाची सवलत २०२४ च्या मोफत वीज योजनेनंतर साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांपुरती निरर्थक झाली, कारण बिलच राहिले नाही. पुनर्गठन ऐकायला गोड वाटते. प्रत्यक्षात त्यात पीककर्जाचे मध्यम मुदतीचे कर्ज होते आणि पुढचा बोजा सातबाऱ्यावर तसाच राहतो. परीक्षा शुल्कमाफी मात्र लहान असूनही खरोखर उपयोगी पडते.

२०२३: एका वर्षात सगळे

हे वर्ष तपशिलाने पाहण्यासारखे आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल कांद्याचे भाव कोसळले. हा कांदा उन्हाळ कांद्यासारखा साठवणुकीच्या चाळीत टिकत नाही. काढला की विकावाच लागतो. मार्चमध्ये दिंडोरीहून किसान सभेचा पायी मोर्चा मुंबईकडे निघाला. सरकारने आधी ३०० आणि मग ३५० रुपये क्विंटल अनुदान जाहीर केले, १ फेब्रुवारी ते ३१ मार्चदरम्यान विकलेल्या कांद्याला, शेतकरीमागे २०० क्विंटलपर्यंत. म्हणजे फार तर ७०,००० रुपये. त्यासाठी विक्रीची पट्टी हवी आणि सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी. ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून होणाऱ्या पीकनोंदीत, नाव न आलेले शेतकरी अडकले, तेव्हा गावपातळीवरच्या समितीने पडताळणी करून त्यांना वाट काढून दिली. पट्टीचा तो पातळ कागद कित्येकांनी हमाली, तोलाई वजा करून हाती उरलेले पैसे मोजले आणि टाकून दिला होता. जपून ठेवलेल्यांनाही रक्कम हप्त्याहप्त्यानेच मिळाली.

मग ऑगस्ट आला. देशभराचा विचार करता १९०१ पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट. खरिपाची पिके माना टाकत होती, आणि त्याच महिन्यात १९ तारखेला, शनिवारी, केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले. ते त्याच दिवसापासून लागू झाले; बंदराच्या वाटेवर असलेला मालही त्यात सापडला. शहरी ग्राहकाला स्वस्त कांदा मिळावा हा हेतू होता, आणि महागाईत गरिबाच्या ताटाची काळजी करणे हे सरकारचे कामच आहे. पण ती काळजी घेण्याचा सगळा खर्च चाळीत कांदा राखून ठेवलेल्या शेतकऱ्यावर पडला. सीमाशुल्क हा केंद्राचा विषय. राज्य त्यात बदल करू शकत नाही. केंद्राने नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी खरेदी संस्थांमार्फत २,४१० रुपये क्विंटलने आणखी २ लाख टन खरेदी जाहीर केली. पण ती ठरावीक आकाराच्या, निवडक मालाची. ऑगस्टमध्ये आणि पुन्हा सप्टेंबरात जिल्ह्यातले लिलाव बंद पडले.

शुल्काचा भार खाली कसा सरकतो ते लासलगावच्या कांदा बाजाराच्या आवारात उभे राहिले की कळते. व्यापारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर वाकतो, दोन-चार कांदे चोळून पाहतो आणि बोली लावतो. ती बोली लावताना त्याने दुबई किंवा कोलंबोच्या भावातून जहाजभाडे, पॅकिंग आणि लागू असेल तेव्हा शुल्क आधीच वजा केलेले असते. परदेशातल्या ग्राहकाकडे पाकिस्तानचा कांदा असतो, त्यामुळे तो जादा पैसे देत नाही. मग वजाबाकी उरते ती फक्त शेतकऱ्याच्या बाजूने.

३१ ऑक्टोबरला राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. नाशिकमधून मालेगाव, सिन्नर आणि येवला. २६ नोव्हेंबरला निफाड-दिंडोरी भागात गारपीट झाली आणि द्राक्षबागा झोडपल्या गेल्या. ८ डिसेंबरपासून कांद्याची निर्यातच बंद. ही बंदी मे २०२४ मध्ये उठली, तीही ५५० डॉलर टन किमान निर्यातमूल्य (त्याहून कमी भावात निर्यात करता येत नाही) घालून आणि ४० टक्के शुल्क ठेवून. म्हणजे शुल्कासह ७७० डॉलर. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेले आणि शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ ला ते शून्य झाले.

पंचनामा

नुकसानभरपाई हा रूढ शब्द फसवा आहे, कारण राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मिळते ते साहाय्य असते. या निधीत केंद्राचा वाटा ७५ टक्के, राज्याचा २५. पीक ३३ टक्के किंवा त्याहून जास्त बाधित असेल तरच मदत. केंद्राचे दर कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५००, दोन हेक्टरपर्यंत. नोव्हेंबर २०२३ च्या अवकाळीसाठी राज्याने ते १३,६००, २७,००० आणि ३६,००० केले व मर्यादा तीन हेक्टरची ठेवली. द्राक्षाच्या एका एकराला यातून १४,४०० रुपये येतात. मांडव, खते, फवारण्या, छाटणीची मजुरी धरली तर बागेचा एकरी खर्च लाखांच्या घरात जातो.

तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक बांधावर येतात, फोटो काढतात, टक्का लिहितात. द्राक्षाच्या बाबतीत हा टक्का ठरवण्याची वेळ फार महत्त्वाची. गारेचा मार बसलेला मणी पहिल्या दिवशी नुसता डागाळलेला दिसतो. तडा आणि कूज मागून येते, आणि एक मणी कुजला की सगळा घड जातो. लवकर झालेल्या पंचनाम्यात हे नुकसान उतरतच नाही. त्यानंतर यादी तहसीलला, मग शेतकऱ्याच्या नावे एक विशिष्ट क्रमांक, मग सेवा केंद्रावर अंगठा देऊन आधार पडताळणी, आणि मग खात्यात पैसे. बागाईतदार वयस्कर असेल आणि बोटांचे ठसे झिजलेले असतील, तर या शेवटच्या पायरीवर त्याला हेलपाटे घालावे लागतात. शेतकरी ओळख क्रमांक आल्यापासून ही पडताळणी टळू लागली आहे.

शहर आणि यंत्रमाग

कोरोनाच्या टाळेबंदीनंतर राज्याने घरखरेदीवरचे मुद्रांकशुल्क ५ वरून २ टक्के केले, डिसेंबर २०२० पर्यंत. पुढे मार्च २०२१ पर्यंत ३ टक्के. लघुउद्योगांना केंद्राच्या हमीवर जादा कर्ज मिळाले. नाशिक महापालिकेच्या हातात मात्र फारसे काही नव्हते. जकात २०१३ मध्ये गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांपुरता संपला, आणि वस्तू व सेवा करानंतर पालिका राज्याच्या भरपाईवर आली. उरली घरपट्टी आणि पाणीपट्टी. मालेगावात यंत्रमाग थांबले तेव्हा तागा (कापडाचा गठ्ठा) मोजून मजुरी घेणाऱ्या विणकराला यातली एकही सवलत लागू होत नव्हती, कारण त्याच्याकडे ना कारखाना होता ना कर्जखाते.

२०२५ चे पॅकेज

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर ७ ऑक्टोबरला राज्याने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. मदतीची मर्यादा पुन्हा तीन हेक्टर झाली आणि रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० रुपये वेगळे ठेवले गेले. पीक गेल्याची मदत आणि पुढच्या पेरणीचे भांडवल या दोन गरजा वेगळ्या मानण्याची ही तरतूद स्वागतार्ह आहे. नाशिकच्या पूर्व पट्ट्यात उन्हाळ कांद्याची रोपे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच टाकावी लागतात, आणि त्या वेळी बी-खतासाठी हातात रोकड नसेल तर उसनवारीवाचून गत्यंतर नसते.