वाळकेश्वरचे थाट, श्रोत्यांचे कान: संगीत-मानसशास्त्राच्या प्रयोगांची पार्श्वभूमी

गाणे ऐकणाऱ्याच्या मनात काय चालते, हे तपासायचे कसे? भरताच्या नाट्यशास्त्रात 22 श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरांतरांची, पडताळणी सांगितली आहे. दोन वीणा तंतोतंत सारख्या लावायच्या, एक तशीच ठेवायची, दुसरीचे स्वर टप्प्याटप्प्याने उतरवायचे आणि कुठला स्वर कुठल्या स्वराशी मिळतो ते कानाने ठरवायचे. एक बाजू स्थिर, एकच गोष्ट बदलती. आजही प्रयोग असेच रचतात.

युरोपात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी 1863 मध्ये नाद आणि कान यांचा शास्त्रीय अभ्यास मांडला. मानसशास्त्रज्ञ श्टुम्फ यांनी पुढे श्रोत्यांनाच विचारले की एकत्र वाजणारे दोन स्वर एक वाटतात की दोन. 1919 मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ सीशोअर यांच्या सांगीतिक क्षमतेच्या चाचण्या आल्या. पण सुटे स्वर ओळखणे म्हणजे संगीत समजणे नव्हे.

1979 मध्ये मानसशास्त्रज्ञ क्रम्हान्सल आणि शेपर्ड यांनी ही उणीव बरीच भरून काढली. आधी सुरावट ऐकवायची, मग एकच स्वर वाजवायचा आणि तो तिथे किती शोभतो याला श्रोत्याकडून गुण घ्यायचे. 1984 मध्ये कॅस्टेलानो, भरुचा आणि क्रम्हान्सल यांनी हीच पद्धत उत्तर भारतीय रागांना लावली. 10 राग, आणि श्रोते भारतीय तसेच पाश्चात्त्य. षड्ज-पंचमाला दोन्ही गटांनी भरभरून गुण दिले, कारण जो स्वर जास्त वेळ कानावर पडतो त्याचे वजन परक्यालाही कळते. रागामागच्या थाटाची, म्हणजे राग ज्या सात स्वरांच्या चौकटीत बसवतात तिची, जाण मात्र फक्त भारतीय श्रोत्यांच्या गुणांत दिसली.

मुंबईकरांना याचे अप्रूप वाटायला हवे. 10 थाटांची ही मांडणी विष्णु नारायण भातखंडे यांची. 1860 मध्ये वाळकेश्वरला जन्मलेल्या या वकिलाने गायन उत्तेजक मंडळीत गाणे शिकत, ठिकठिकाणच्या उस्तादांकडून चिजा (बंदिशी) मिळवत ती उभी केली. थाट ही कागदावरची सोय आहे, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. या प्रयोगाने त्याला पुरते नाही, तरी वजनदार उत्तर दिले.

पुरते नाही, कारण मारवा, पूरिया आणि सोहनी या तिन्ही रागांचे स्वर तेच आहेत. मारव्यात रिषभ-धैवतावर जोर, पूरियात गंधार-निषादावर, एवढा फरक गुणांतून कळू शकेल; चलन, म्हणजे रागाची स्वरांतून फिरण्याची चाल, नाही कळणार. दरबारी रागाचा आंदोलित, म्हणजे संथ डोलणारा, गंधार तर एका सुट्या स्वरात मावतच नाही. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्राने अॅमस्टरडॅम विद्यापीठासोबत गायनाचे स्वरालेख तयार केले, त्यांत मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) आणि आंदोलन डोळ्यांना दिसते. मला हे काम फार मोलाचे वाटते. पण आलेखात गायकाचा गळा उमटतो. श्रोत्याचा कान तपासायचा, तर सुट्या स्वराऐवजी आलापातली अख्खी जागा, म्हणजे सुरावटीचा पूर्ण तुकडा, ऐकवून गुण मागावे लागतील.