गाणी घरात वाजतात, बाहेर गेलं की अडकतात: डबल नॅट आहे की सीजीनॅट?

जुन्या लॅपटॉपवर नाहीतर रास्पबेरी पायवर नॅव्हिड्रोम (आपली गाणी घरच्या सर्व्हरवरून ऐकवणारं सॉफ्टवेअर) टाकलं, सगळा गाण्यांचा साठा चढवला, घरच्या वायफायवर मस्त वाजतंय, आणि बाहेर पडून मोबाईल डेटावर आलं की अॅप नुसतं गोल गोल फिरत बसतं. मग कोणीतरी सांगतं पोर्ट फॉरवर्ड कर, म्हणजे बाहेरून आलेली रिक्वेस्ट घरातल्या सर्व्हरकडे पाठवायचा रूल राउटरमध्ये लाव, तेही करून झालं, राउटर म्हणतो रूल सेव्ह झाला, यूपीएनपीपण (पोर्ट आपोआप उघडायची सोय) ओके दाखवतं, तरी गाणं काही लागत नाही. अशा वेळी बऱ्याचदा भानगड दोनपैकी एक असते, डबल नॅट किंवा सीजीनॅट, आणि बाहेरून दोन्हींचं लक्षण अगदी सारखं दिसत असल्यामुळे लोक दोघांना एकच समजून चालतात. उपाय मात्र पूर्ण वेगळे आहेत, म्हणून आधी कोणतं आहे ते बघा आणि मगच सेटिंगला हात लावा, ही खरंच कळकळीची विनंती.

नॅट म्हणजे एकाच पब्लिक आयपीमागे, म्हणजे इंटरनेटवर दिसणाऱ्या पत्त्यामागे, अनेक डिव्हाइस चालवायला राउटर करतो ती पत्त्यांची अदलाबदल. डबल नॅट म्हणजे घरातच दोन राउटर एकामागे एक. फायबरवाल्याने बसवलेला डबा बहुतेक वेळा स्वतःच राउटर असतो, त्याला आपण आपला चांगला राउटर जोडतो, आणि दोघंही नॅट करत बसतात. नॅव्हिड्रोमचा ४५३३ पोर्ट तुम्ही आपल्या राउटरवर उघडलात, पण बाहेरून येणारी रिक्वेस्ट आधी फायबरच्या डब्यावर येते आणि तिथे कुठलाच रूल नसल्याने तिथेच मरते.

सीजीनॅटमध्ये (कॅरियर-ग्रेड नॅट) तेच काम इंटरनेट कंपनी तिच्या बाजूला करते. आयपीव्ही४ चे पत्ते सगळे मिळून साधारण ४३० कोटी, जागतिक साठ्यातले शेवटचे ब्लॉक फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून झाले, म्हणून कंपन्या एकाच पब्लिक आयपीवर अनेक ग्राहक बसवतात. म्हणजे डबल नॅट हे आपल्याच फ्लॅटचं सेफ्टी डोअर आणि आतलं दार, दोन्ही चाव्या आपल्याकडे. सीजीनॅट हे सोसायटीचं मेन गेट, त्याची चावी आपल्याकडे नाहीच, घरात कितीही पोर्ट उघडा.

ओळखायचं कसं, तर आपल्या राउटरच्या पेजवर जाऊन वॅन आयपी (राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता) बघा आणि ब्राउझरमध्ये माझा आयपी काय असं शोधून येणारा आयपीव्ही४ पत्ता त्याच्याशी ताडून बघा. दोन्ही सारखे असतील तर नॅटचा दोष नाही, मग रूलमधला लोकल आयपी बदललाय का, कॉम्प्युटरचा फायरवॉल अडवतोय का, ते तपासा. वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर जवळपास नक्की डबल नॅट, पण इथेच थांबू नका, फायबरच्या डब्याच्या पेजवर लॉगिन करून त्याचाही वॅन आयपी बघा, कारण दोन्ही भानगडी एकाच घरात असू शकतात आणि लोक नेमके हेच विसरतात. तिथे १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला तर सीजीनॅट, ही रेंज २०१२ मध्ये खास त्यासाठीच राखून ठेवली आहे. काही कंपन्या १० ने सुरू होणारा पत्ताही देतात, अर्थ तोच. ट्रेसराउटवर (डेटा कुठून कुठून जातो ते दाखवणारी कमांड) मात्र एकट्यावर विसंबू नका, कंपनीच्या आतल्या हॉपला, म्हणजे वाटेतल्या टप्प्याला, १० चा पत्ता असला म्हणून सीजीनॅट असेलच असं नाही.

नुसतं डबल नॅट असेल तर काम सोपं आहे, फायबरचा डबा ब्रिज मोडला टाका, म्हणजे तो नॅट न करता कनेक्शन नुसतं पुढे देईल, आणि पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड लागणारं) कनेक्शन असेल तर ते लॉगिन आपल्या राउटरमध्ये भरा, किंवा उलट आपला राउटर अॅक्सेस पॉइंट मोडला (नॅट न करता नुसतं वायफाय देणं) टाकून पोर्ट फॉरवर्ड डब्यावर करा.

सीजीनॅट असेल तर डायनॅमिक डीएनएस (बदलत्या आयपीला कायमचं नाव देणारी सेवा) लावण्यात वेळ घालवू नका, ते नाव शेवटी कंपनीच्या सामायिक आयपीवरच नेऊन सोडतं. कंपनीला फोन करताना पोर्ट ओपन करा असं सांगू नका, पब्लिक आयपी पाहिजे असं स्पष्ट सांगा, बऱ्याच ठिकाणी स्टॅटिक आयपीचे जास्तीचे पैसे घेऊन देतात. माझं मत विचाराल तर त्याआधी टेलस्केल (आपल्या डिव्हाइसना थेट एकमेकांशी जोडणारं खाजगी नेटवर्क, व्हीपीएन) लावून बघा, पोर्ट उघडावाच लागत नाही आणि सर्व्हर उघड्या इंटरनेटवर येत नाही हा मोठाच फायदा. थेट जोडणी जमली नाही तर ते रिलेमधून, म्हणजे मधल्या सर्व्हरवरून जातं आणि तिथे फ्लॅक (दर्जा न घटवलेली मोठी) फाइल अडखळू शकते, अशा वेळी अॅपमध्ये ट्रान्सकोडिंग (गाणं वाजताना छोट्या फॉरमॅटमध्ये बदलणं) लावून बिटरेट कमी करा. टेलस्केल प्रत्येक डिव्हाइसला जो १०० वाला पत्ता देतं तोही सीजीनॅटच्याच १००.६४ ते १००.१२७ रेंजमधला असतो, तो बघून सीजीनॅट आहे असं ठरवू नका, बघायचा तो राउटरचा वॅन आयपी. आणि टेस्ट करताना फोनचं वायफाय बंद ठेवा, कारण काही राउटर घरातूनच स्वतःच्या पब्लिक आयपीवर जाऊ देत नाहीत आणि सगळं बरोबर असूनही फेल दाखवतं.